३७२ भागाकारांची मूळ संख्या

नागपूरच्या धरमपेठेतल्या रविवारच्या वर्गात मी आठवी-नववीच्या मुलांना एक संख्या हमखास देतो: २,१४,७४,८३,६४७. हिला कशाने निःशेष भाग जातो ते शोधा. मुलं लगेच कसोट्या लावतात. शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ बाद. मग ७, ११, १३... आणि कोणीतरी विचारतंच, "सर, कुठवर भागत राहायचं?" वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत. तिथवर पावणेपाच हजारांच्या वर मूळ संख्या आहेत.

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ आहे हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ साली दाखवलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. हिला भागू शकणारी संख्या कशी असायला हवी, हे त्याने आधी ठरवलं.

छोटं उदाहरण घेऊ. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. दोन्ही अवयवांतून १ वजा करा: २२ आणि ८८. दोन्ही २२ च्या पटीत, आणि २२ ही ११ ची दुप्पट! हा योगायोग नाही. २ चे घात २३ ने भागत गेलात तर बाकी अशी येते: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १, आणि मग पुन्हा तेच चक्र. गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमाप्रमाणे २ चे घात एखाद्या विषम मूळ संख्येने भागले, तर तिच्याहून १ ने कमी क्रमांकाच्या पायरीला बाकी १ येते; म्हणजे २३ साठी बाविसाव्या पायरीलाही बाकी १ यायलाच हवी. म्हणून २२ ला ११ ने भाग जाणं भागच आहे. मला तर ही अकरा बाक्यांची ओळ सगळ्या सिद्धतेपेक्षा जास्त आवडते. वहीत स्वतः लिहून पाहिली की नियम पटतो, पाठ करावा लागत नाही.

३१ ला हेच लावलं की विभाजकातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग जायला हवा; विभाजक विषम असल्याने २ नेही जातो, म्हणून तो ६२ च्या पटीपेक्षा १ ने मोठा हवा. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. दोन्ही अटी मिळून २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात. ६३ स्वतः मूळ नाही, ती सोडली तर ४६,३४० पर्यंत अशा फक्त ३७२. त्यांतली पहिली मूळ संख्या ३११. भागून पाहा: भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. उरलेल्यांपैकीही एकानेही भाग जात नाही.

जुन्या संगणकांत पूर्णांक ३२ बिटांत (० किंवा १ च्या ३२ जागांत) धन-ऋण चिन्हासह साठवला, तर मावणारी सर्वांत मोठी धन संख्याही हीच. १९७० पासूनचे सेकंद त्यांत मोजत गेलं तर १९ जानेवारी २०३८ ला, नागपुरात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की मोजणी संपते. न सुधारलेली यंत्रं पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतील.

२०२४ मध्ये सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. अशा घातांची छाननी करताना संगणक आजही सुरुवातीला याच दोन अटींत बसणारे विभाजक लावून पाहतात.