गोदीतून उगवलेलं रोबोंचं गाव

मोठ्या जहाजाचा तळ दुहेरी असतो. दोन पोलादी तळांच्या मधे अरुंद कप्पे असतात आणि त्यांच्या कडा आतून वेल्ड कराव्या लागतात. वेल्डरने आत सरपटत जायचं आणि धुरात बसून काम उरकायचं. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराजवळच्या लिंडो गोदीने हे काम रोबोंवर सोपवायचं ठरवलं, तेव्हा खरी अडचण वेल्डिंगची नव्हती, रोबोला शिकवण्याची होती. मोटार कारखान्यातला रोबो एक हालचाल शिकतो आणि तीच लाखो वेळा करतो. जहाजाचे कप्पे मात्र जागोजागी वेगळे. प्रत्येक कप्प्यासाठी रोबोला नव्याने शिकवत बसायचं, तर तेवढ्या वेळात वेल्डर काम संपवून घरी गेला असता! त्यामुळे जहाजाच्या संगणकातल्या आराखड्यावरूनच रोबोच्या हाताचा मार्ग काढणं भाग होतं, आणि हे गणित एकट्या गोदीला झेपणारं नव्हतं.

म्हणून गोदी विद्यापीठाकडे गेली. गोदीची मालकी असलेल्या मर्स्क उद्योगसमूहाचे प्रमुख मर्स्क मॅकिनी मोलर यांच्या देणगीतून १९९७ साली ओडेन्सच्या विद्यापीठात रोबोविद्येची संस्था उभी राहिली. ओडेन्सची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या इचलकरंजीपेक्षाही कमी. एवढ्याशा शहरात आज जगभर माल विकणारा रोबो-उद्योग आहे. त्याचं श्रेय सहसा ‘नेटवर्किंग’ला दिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. इथे आधी गोदीसारखं एक हट्टी गिऱ्हाईक होतं आणि त्याच्याकडे एक अवघड प्रश्न होता. परिषदा आणि ओळखीपाळखी नंतर आल्या.

२००५ साली याच विद्यापीठातल्या एस्बेन ओस्टरगार्ड, कास्पर स्टोय आणि क्रिस्टियन कासो या तिघांनी ‘युनिव्हर्सल रोबॉट्स’ ही कंपनी सुरू केली. बाजारातले रोबो वजनदार, महाग आणि पिंजऱ्यात ठेवावे लागणारे होते, त्यामुळे लहान कारखान्यांना ते परवडत नसत. या तिघांनी बनवलेला यूआर५ हा यंत्रहात जेमतेम १८ किलोंचा आहे आणि ५ किलो वजन उचलतो. हात धरून हवा तसा फिरवला की ती वाट तो लक्षात ठेवतो. त्याला सहा सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यातल्या मोटरला किती वीज लागायला हवी याचा हिशेब संगणक सतत करत असतो. वाटेत कुणाचा दंड आला की मोटरवरचा भार वाढतो, हिशेब चुकतो आणि हात थांबतो. अर्थात त्याच्या टोकाला धारदार पातं बसवलं तर हा शहाणपणा पुरत नाही, हे विक्रेते जरा हळू आवाजात सांगतात. पहिला हात २००८ साली लिनाटेक्स या डॅनिश कंपनीने घेतला आणि यंत्राला माल पुरवायच्या कामावर कुंपणाविना उभा केला.

पण हा हात येतो तो पंजाशिवाय. मनगटाशी एक गोल चकती असते, तिच्यावर ५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात सहा मिलिमीटर जाडीच्या (एम६) बोल्टची चार भोकं असतात. हे माप आंतरराष्ट्रीय मानकातलं आहे, म्हणजे पंजा कुणीही बनवावा आणि तिथे आवळावा. कंपन्यांमधलं सहकार्य म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मला या चार भोकांत दिसतं. दुसऱ्यासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा! ‘ऑनरोबॉट’ने पंजे विकायला घेतले. २०१३ साली निघालेल्या ‘मोबाइल इंडस्ट्रियल रोबॉट्स’ने कारखान्यात माल वाहणाऱ्या चाकांच्या गाड्या केल्या, त्यांच्यावर हा हात बसवता येतो. एकाचा माल खपला की दुसऱ्याचाही खपतो.

माणसंही अशीच या कंपनीतून त्या कंपनीत गेली. २०१५ साली अमेरिकेच्या टेराडाइन कंपनीने युनिव्हर्सल रोबॉट्स साडेअठ्ठावीस कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे तेव्हाचे प्रमुख एन्रिको क्रोग इव्हर्सन पुढे ऑनरोबॉटचे प्रमुख झाले. विक्री सांभाळणारे थॉमस व्हिस्टी त्याआधीच मोबाइल इंडस्ट्रियल रोबॉट्समध्ये गेले होते. ओस्टरगार्डही नंतर नव्या कंपन्यांत पैसे घालू लागले. सही करून पैसे घेऊन कुणी किनाऱ्यावर जाऊन बसलं नाही, ही मला या गोष्टीतली सगळ्यात मोलाची बाब वाटते.

गोदी मात्र टिकली नाही. आशियातल्या स्वस्त जहाजांपुढे तिचा निभाव लागेना. एके काळी जगातलं सर्वांत मोठं ठरलेलं कंटेनर जहाज ‘एम्मा मर्स्क’ तिने २००६ साली बांधलं, २००९ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१२ मध्ये शेवटचं जहाज बाहेर पडलं. तोवर तिथली विद्या गावात पसरली होती. ‘ओडेन्स रोबॉटिक्स’ हे रीतसर जाळं त्यानंतरचं. नवउद्योजकांना तंत्रसंस्थेत जागा आणि यंत्रं देणं, गिऱ्हाइकाशी गाठ घालणं ही त्याची कामं. विणायला धागे आधीच होते म्हणून ते जाळं झालं. नुसती समिती नेमून ते झालं नसतं. आता काळजी आहे ती वेगळीच. २०१८ मध्ये मोबाइल इंडस्ट्रियल रोबॉट्सही टेराडाइननेच घेतली, त्यामुळे शहरातल्या दोन मोठ्या कंपन्यांचे निर्णय मॅसॅच्युसेट्समध्ये होतात.

ओडेन्सचे हात आपल्याकडेही आहेत. बजाज ऑटोने २०१० पासून ते घ्यायला सुरुवात केली आणि शंभराहून अधिक बसवले. चाकणच्या कारखान्यात मोटरसायकलींच्या जुळणीत बायका त्यांच्या शेजारी उभ्या राहून काम करतात. म्हणजे पुण्याजवळ गिऱ्हाईक आहे, भोसरी-चाकण पट्ट्यात जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग पकडून ठेवणारी साधनं, घडवणारी वर्कशॉपं आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं तर विचारूच नका. कारखान्याचा अडलेला प्रश्न कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत किती वेळा पोचतो, आणि पोचला तर सबमिशननंतर तो फायलीतून पुन्हा बाहेर येतो का, हे मात्र तिथल्या प्राध्यापकांनाच विचारायला हवं.