पार्श्वभूमी : शोधपत्रिकांचे नीतिनियम आले कुठून?

लंडनच्या रॉयल सोसायटीने १७५२ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकाचा कारभार स्वतःकडे घेतला आणि कोणते निबंध छापायचे हे ठरवायला एक समिती नेमली. सोबत एक निवेदन छापून सोसायटीने हातही झटकले. विषयाचे महत्त्व, नावीन्य किंवा मांडणी पाहून निबंध निवडले जातील. त्यांतली तथ्ये खरी आहेत की नाहीत, तर्क बरोबर आहे की नाही, याची हमी सोसायटी देणार नाही. ते लेखकाने आपल्या विश्वासार्हतेवर निभवावे, असा त्याचा आशय होता. शोधपत्रिकांच्या आचारसंहितेचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. निबंध छापण्याआधी तपासण्याची पद्धत निवड करण्यासाठी आणि संस्थेची अब्रू राखण्यासाठी उभी राहिली. लबाडी पकडणे हे तिचे काम कधीच नव्हते. आजचे बहुतेक नियम ही उणीव बाहेरून भरून काढण्यासाठी केलेली डागडुजी आहे.

हे नियतकालिक १६६५ च्या मार्चमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी सुरू केले. पॅरिसचे ‘जुर्नाल दे सावां’ त्याच्या दोन महिने आधीचे. तेव्हा भांडण असायचे ते शोध आधी कोणी लावला याचे. आलेल्या पत्रावर तारीख घालून ते छापले की श्रेयाचा दावा नोंदला जाई. आजही निबंधाच्या पहिल्या पानावर ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ अशा दोन तारखा असतात, त्यांचे मूळ या नोंदवहीत आहे. लेखी परीक्षण-अहवालांचा प्रघात १८३० च्या दशकात पडला. विल्यम ह्यूएल आणि जॉन लबक यांना जॉर्ज एअरी यांच्या निबंधावर मिळून एक अहवाल द्यायचा होता. दोघांचे एकमत काही होईना. परीक्षकांतले मतभेद पद्धतीइतकेच जुने आहेत म्हणायचे.

लबाडीचे वर्गीकरणही त्याच सुमाराचे. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८३० मध्ये चार प्रकार सांगितले : थट्टा म्हणून केलेली बनवाबनवी, सरळ खोट्या नोंदी, छाटणी आणि शिजवणे. छाटणी म्हणजे सरासरीच्या फार वर गेलेल्या नोंदींतून थोडे काढून फार खाली राहिलेल्यांना जोडणे. सरासरी तीच राहते आणि निरीक्षक मोठा काटेकोर भासतो. शिजवणे म्हणजे शंभर नोंदी घ्यायच्या आणि जुळणाऱ्या पंधरा-वीसच ताटात वाढायच्या. आजच्या नियमावल्यांत शब्द बदलले, पण ‘शिजवलेला’ डेटा अजूनही सगळ्यात अवघड जातो, कारण त्यातली प्रत्येक नोंद खरी असते.

बाहेरच्या परीक्षकाला निबंध दाखवणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य नव्हते. १९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ने आइन्स्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध परीक्षकाकडे पाठवला. छपाईपूर्वी तो तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी मी दिली नव्हती, असे रागाने कळवून आइन्स्टाइन यांनी तो मागे घेतला. परीक्षकाची शंका रास्त होती. पुढे दुसरीकडे निबंध छापताना निष्कर्ष बदलावा लागला. ‘नेचर’ने बाह्य परीक्षण सरसकट सक्तीचे केले ते १९७३ मध्ये. डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा सुप्रसिद्ध निबंध तिथे परीक्षणाविनाच छापला गेला होता.

नीतीचा प्रश्न पत्रिकांच्या दारात आला तो वैद्यकशास्त्राकडून. अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९६६ मध्ये २२ उदाहरणे मांडून दाखवले, की रुग्णांना धोक्यात घालणारे प्रयोग नामांकित संस्थांत होत होते आणि छापूनही येत होते. माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांची नीतितत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. १९७५ च्या दुरुस्तीत त्यात एक कलम आले, की या तत्त्वांविरुद्ध केलेल्या प्रयोगांचे अहवाल प्रकाशनासाठी स्वीकारू नयेत. संपादक इथे पहिल्यांदा राखणदार झाला. निबंधात नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि रुग्णाच्या संमतीचा उल्लेख मागतात तो यातूनच आला.

१९७८ मध्ये काही वैद्यकीय पत्रिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जमले. विषय होता संदर्भसूचीची मांडणी! एका पत्रिकेने नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवताना अख्खा पुन्हा टंकलिखित करावा लागे, तो त्रास वाचवायचा होता. या टंकलेखनाच्या सोयीतून पुढे वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली आणि १९८५ मध्ये तिने लेखक कोणाला म्हणायचे याचे निकष दिले. आज ते चार आहेत : संकल्पना, आराखडा, डेटा किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात वैचारिक भर घालणे, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चौथा निकष २०१३ मध्ये जोडला गेला. चारही पूर्ण व्हावे लागतात. निधी आणून देणारा, विभागप्रमुख, यंत्र वापरू देणारा यांचे स्थान आभारात.

हे निकष कागदावरच राहिले तर काय होते, ते १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. प्रसूतिशास्त्राच्या एका प्रतिष्ठित पत्रिकेत दावा छापून आला, की गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ आत हलवला आणि बाळ सुखरूप जन्मले. अशी रुग्ण अस्तित्वातच नव्हती. लेखक माल्कम पिअर्स त्याच पत्रिकेचे सहायक संपादक होते. सहलेखक म्हणून नाव होते ते पत्रिकेच्या मुख्य संपादकांचे, आणि तेच देशातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या व्यावसायिक संस्थेचे, रॉयल कॉलेजचे, अध्यक्षही होते. त्यांनी नाव दिले होते, काम तपासले नव्हते. पिअर्स यांचा वैद्यकीय परवाना गेला, मुख्य संपादकांनी दोन्ही पदे सोडली. मानाचे पान म्हणून नाव चिकटवणे हा निरुपद्रवी शिष्टाचार नाही, हे सगळ्यांना कळले ते या प्रकरणात.

अशा प्रकरणांनी हैराण झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये एकत्र बसून अडचणीची प्रकरणे चर्चेला घ्यायला सुरुवात केली. तीच आजची प्रकाशन नीती समिती, कोप. सुरुवातीला ते एकमेकांना सल्ला देणारे मंडळ होते. पुढे सर्व विषयांच्या पत्रिका सभासद झाल्या. तिचे सर्वांत उपयुक्त काम म्हणजे २००६ पासूनचे प्रवाहतक्ते. डेटा बनावट असल्याचा संशय आला तर : आधी आक्षेपाचा नेमका पुरावा गोळा करा; पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला आरोपाचा सूर न लावता खुलासा आणि कच्चा डेटा मागा; उत्तर नाही आले तर स्मरणपत्र आणि बाकीच्या लेखकांना पत्र; तरीही समाधान झाले नाही तर त्यांच्या संस्थेला कळवून चौकशीची विनंती करा. खरे भिजत घोंगडे पडते ते या शेवटच्या पायरीवर. प्रयोगवह्या जप्त करण्याचा, साक्षी घेण्याचा अधिकार संपादकाला नाही. तो संस्थेला आहे, आणि संशोधक दोषी ठरला तर बट्टा संस्थेलाच लागतो. म्हणून चौकशी लांबते. मधल्या काळात वाचकाला अंधारात ठेवायचे नसेल तर संपादकाच्या हाती एकच साधन उरते : निबंधाला ‘चिंतेची नोंद’, म्हणजे त्याबद्दल शंका असल्याची जाहीर सूचना, जोडणे. माझ्या मते हे साधन फार कमी आणि फार उशिरा वापरले जाते.

परीक्षकाच्या नजरेला काय दिसत नाही याचे चोख उदाहरण म्हणजे बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन-प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक श्योन. त्यांचे निबंध ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये एकामागून एक येत होते. २००२ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी दोन आलेख शेजारी ठेवले. प्रयोग वेगळे, उपकरणे वेगळी, पण वक्रावरची बारीक थरथर हुबेहूब तीच. मोजमापातला गोंगाट यादृच्छिक असतो; दोन प्रयोगांत तो तंतोतंत जुळणे अशक्यच. एकेक निबंध सुटा वाचणाऱ्या परीक्षकाला हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण पुरावा दोन निबंधांच्या मध्ये होता. चौकशी समितीने २४ आक्षेपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध धरले. नीट ठेवलेली प्रयोगवही नव्हती आणि मूळ फाइल्स पुसलेल्या होत्या. कच्चा डेटा जपून ठेवा आणि मागताच दाखवा, या अटीला धार आली ती असल्या प्रकरणांनंतर.

चित्रांची तपासणीही त्याच वर्षी सुरू झाली. ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’ने २००२ पासून स्वीकृत निबंधातले प्रत्येक चित्र छपाईपूर्वी तपासायला घेतले. पद्धत साधी आहे : चित्राचा कॉन्ट्रास्ट टोकाला न्यायचा. अशा चित्रांत प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दिसतात; एखादा पट्टा दुसरीकडून कापून चिकटवला असेल तर त्याभोवती चौकट उमटते. एखादा पट्टा पुसला असेल तर तिथली पार्श्वभूमी संशयास्पद गुळगुळीत दिसते. नियमही तितकाच स्पष्ट : उजळपणा वाढवायचा तर संपूर्ण चित्राचा, एका कोपऱ्याचा नाही; मधल्या नमुन्यांच्या रांगा वगळल्या असतील तर जोडाच्या जागी रेघ हवी. पुढे एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी ४० पत्रिकांतले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले. २०१६ च्या त्यांच्या अहवालानुसार ३.८ टक्के निबंधांत चित्रे संशयास्पद रीतीने पुन्हा वापरलेली होती. हे सगळे निबंध परीक्षणातून पार पडलेले होते.

तेच काम दोनदा छापण्याकडे पुष्कळजण किरकोळ गुन्हा म्हणून पाहतात. त्याचे नुकसान मोजलेले आहे. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डानसेट्रॉन या औषधावरच्या चाचण्यांचा १९९७ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा १७ टक्के चाचण्या आणि २८ टक्के रुग्णांची माहिती दुबार छापलेली निघाली. तेच रुग्ण दोनदा मोजले गेल्याने औषधाचा गुण २३ टक्के फुगला होता. छापलेच नाही तर उलटा घोटाळा होतो : नकोसा निकाल खणात राहतो. म्हणून वैद्यकीय संपादकांच्या समितीने २००४ मध्ये जाहीर केले, की १ जुलै २००५ पासून सुरू होणाऱ्या चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली नसेल तर निबंध छापणार नाही. मुख्य मोजमाप कोणते हे आधीच लिहून ठेवल्यावर बॅबेजच्या ‘शिजवण्या’ला जागा कमी उरते.

वाङ्मयचौर्य पकडण्यासाठी क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेने २००८ मध्ये प्रकाशकांना मजकुराची जुळणी शोधणारी यंत्रणा दिली. तिने दिलेली टक्केवारी म्हणजे चौर्याचे प्रमाण, हा समज सगळीकडे आहे आणि तो चूक आहे. संदर्भसूची, ठरीव पद्धतीचे वर्णन, संस्थांची नावे जुळली तरी आकडा चढतो. उलट १२ टक्क्यांच्या अहवालात एकाच स्रोतातून उचललेला चर्चा-विभाग दडलेला असू शकतो. अनुभवी संपादक एकूण आकडा सोडून एका स्रोताशी जुळणारे सलग परिच्छेद पाहतात. यंत्राला चकवण्याचा उद्योगही यातूनच निघाला : शब्दांच्या जागी आपोआप समानार्थी शब्द. गीयोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे इंग्रजी निबंध हुडकले, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘नकली जाणीव’ झाली होती. परीक्षकाने निबंध एकदा तरी वाचला असता तर हे छापले गेले नसते.

परीक्षकच बनावट असेल तर? अनेक पत्रिका लेखकालाच परीक्षकांची नावे सुचवायला सांगत; चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. नाव खऱ्या तज्ज्ञाचे, ईमेल पत्ता मात्र लेखकाचाच. २०१२ मधले एक प्रकरण उघड झाले ते अहवाल संशय यावा इतके झटपट, चोवीस तासांच्या आत येत म्हणून. २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रलने याच कारणाने ४३ निबंध रद्द केले. आता पत्ता संस्थेचा आहे का, संशोधकाच्या ऑर्किड क्रमांकाशी (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) जुळतो का, हे पाहिले जाते. तरी निबंध-कारखान्यांनी, म्हणजे पैसे घेऊन बनावट निबंध पुरवणाऱ्यांनी, पुढची वाट शोधली : अतिथी संपादकांचे विशेषांक. २०२३ मध्ये जगभरात मागे घेतलेल्या निबंधांची संख्या १०,००० वर गेली, त्यांतले ८,००० हून अधिक हिंदावी या एकट्या प्रकाशनसंस्थेचे होते आणि मुख्यतः अशाच विशेषांकांतले.

लेखकत्वाच्या चौथ्या निकषाचा अनपेक्षित उपयोग त्याच वर्षी झाला. काही निबंधांवर चॅटजीपीटीचे नाव लेखक म्हणून आले, तेव्हा कोपला नवा नियम शोधावा लागला नाही. जे उत्तरदायी राहू शकत नाही ते लेखक होऊ शकत नाही. साधन वापरले तर कुठे आणि कसे ते पद्धती-विभागात लिहा.

निबंध मागे घेण्याबाबत कोपची मार्गदर्शक सूचना २००९ ची. नोटिशीत कारण आणि मागे कोण घेते आहे हे स्पष्ट असावे, ती सर्वांना मोफत वाचता यावी, मूळ निबंधाला जोडलेली असावी. निबंध काढून टाकायचा नाही, तो मागे घेतल्याचे त्यावर ठळकपणे दाखवायचे. हेतू लेखकाला शिक्षा करणे हा नाही. चुकीचा पुरावा वाचकापासून दूर ठेवणे हा आहे. म्हणूनच वेळ महत्त्वाची. लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, १२ मुलांवर आधारलेला ‘लॅन्सेट’मधला १९९८ चा निबंध पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडले. ९६,००० रुग्णांच्या कथित नोंदींवरचा, कोविड रुग्णांवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या परिणामांचा निबंध त्याच पत्रिकेने २२ मे २०२० रोजी छापला आणि ४ जूनला मागे घेतला. मूळ डेटा सहलेखकांनीही पाहिलेला नव्हता. त्यानंतर तिथे एकाहून अधिक लेखकांनी डेटा स्वतः पाहून पडताळल्याचे लिहून द्यावे लागते.