मिली म्हणजे डोस नव्हे

उपकेंद्राच्या कपाटात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या शेजारीशेजारी असतात, एक सिरपची आणि एक थेंबांची. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलीग्रॅम औषध असते, म्हणजे १ मिलीत २५. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलीग्रॅम. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलीग्रॅम धरले, तर १२० मिलीग्रॅम लागतात. सिरप असेल तर ४.८ मिली, थेंब असतील तर १.२ मिली. आईला 'एक चमचा पाजा' असे तोंडी सांगितले आणि हातात थेंबांची बाटली गेली, तर बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलीग्रॅम जातात. दिवसातून चार वेळा असे दोन-तीन दिवस चालले, की यकृतावर बेतते.

एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या कामाला, शिकणाऱ्या मुलींच्या चुका बहुतेक इथेच होतात. औषधाचे नाव पाठ असते, पण लेबलवरची ताकद वाचायची राहून जाते. डोस ठरतो मिलीग्रॅमवर, ग्रॅमवर किंवा युनिटवर. मिली म्हणजे ते औषध किती द्रवात आहे, एवढेच. हिशेब सोपा आहे: हवे तेवढे मिलीग्रॅम भागिले लेबलवरचे मिलीग्रॅम, गुणिले लेबलवरचे मिली. १२० भागिले १२५, गुणिले ५, बरोबर ४.८. हा हिशेब कागदावरच करायचा, तोंडी नाही. आणि मूल आधी काट्यावर ठेवायचे. मेळघाटात किंवा गडचिरोलीत दोन वर्षांचे मूल आठ किलोचे निघू शकते, तिथे वयावरून लावलेला अंदाज नडतो.

इन्सुलिनमध्ये तर सिरिंजच दगा देते. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, बहुधा ४० युनिटची मिळते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. तालुक्याच्या दुकानातून मधुमेहाच्या एखाद्या काकांनी जी मिळाली ती सिरिंज आणली आणि ४०च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजवर २०च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलट झाले तर जास्त वाईट: १००चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत म्हणजे ५० युनिट. रात्री घाम, थरथर, बेशुद्धी. म्हणून काका तपासणीला आले की व्हायल आणि सिरिंज दोन्ही सोबत आणायला सांगा, नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका.

मोठा आकडा दिसला की चूकच असेल, असेही नाही. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचे कीटकनाशक अंगात गेले, की तोंडाला फेस येतो, छाती घरघरते आणि श्वासनलिका पाण्याने भरते. त्यावर ॲट्रोपिन. एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, ०.६ मिलीग्रॅम, आणि मोठ्या माणसाला पहिल्याच वेळी १.८ ते ३ मिलीग्रॅम, म्हणजे तीन ते पाच ॲम्प्युल. उतार नसेल तर पाच मिनिटांनी दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी त्याच्याही दुप्पट. नवखी विद्यार्थिनी इथे हात आखडता घेते आणि तिथेच रुग्ण हातचा जातो. थांबायचे कधी, ते छाती सांगते: घरघर थांबली, नाडी ८०च्या वर गेली, वरचे बीपी ८०च्या वर आले, काख कोरडी झाली. डोळ्याच्या बाहुलीवर भरवसा ठेवू नये.

सर्पदंशात आणखी एक गोष्ट विद्यार्थिनींना पटत नाही. लहान मुलालाही सर्पविषविरोधी लस मोठ्यांइतकीच, साधारण १० व्हायलपासून सुरुवात. साप समोर मूल आहे की माणूस हे पाहून विष कमी-जास्त सोडत नाही आणि लस विषाला मारायची असते. किलोचा हिशेब इथे लागत नाही. मुलासाठी कमी करायचे ते लस ज्यात मिसळून देतात त्या सलाईनचे प्रमाण. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती तळहातांत हळूच फिरवायची. खळखळ हलवली की फेस येतो आणि प्रथिने खराब होतात. सोबतचे पाणी कमी पडले, तर रात्रीच्या घाईत कोणी ट्रेमधून दुसरे ॲम्प्युल उचलते. त्याच ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराईड असेल तर? तेही १० मिलीचे, तसेच पारदर्शक, आणि थेट शिरेत गेले तर हृदय थांबवणारे. ते वेगळ्या डब्यात, लाल चिठ्ठी लावूनच ठेवावे. लसीची तीव्र ॲलर्जी आली तर लागणारे ॲड्रेनालिन मात्र लस सुरू करण्याआधीच सिरिंजमध्ये भरून हाताशी हवे.

नाव विचारतानाही एक खोड सोडावी लागते. 'मेश्राम ना तुम्ही?' म्हटले की वॉर्डातल्या तीन बाया 'हो' म्हणतात. त्याऐवजी 'मावशी, पूर्ण नाव सांगा, गाव कोणतं?' असे विचारावे आणि उत्तर केसपेपरशी ताडून पाहावे.

आता मॅग्नेशियम सल्फेट. गरोदर बाईला झटके आले, तर उपकेंद्रात पहिला डोस एएनएमनेच द्यायचा आणि लगेच पुढे पाठवायचे. डोस १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. ५० टक्क्यांच्या २ मिली ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम असते, म्हणून एका बाजूला पाच ॲम्प्युल, १० मिली. 'पाच ग्रॅम' ऐकून '५ मिली' भरले, तर निम्माच डोस जातो आणि रस्त्यात जीपमध्ये पुन्हा झटका येतो. १० मिलीच्या दोन सिरिंज घ्या, २२ नंबरची लांब सुई लावा. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल टोचा, दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा आणि सावकाश सोडा. अंगात ऊब दाटल्यासारखे वाटेल, हे बाई शुद्धीवर असेल तर आधी सांगून ठेवा.

पुढचा डोस रुग्णालयात, तोही गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडत असेल, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त असेल आणि लघवी तासाला ३० मिली तरी होत असेल तरच. श्वास मंदावला तर १० टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, शिरेतून, दहा मिनिटे घेऊन. रेफर चिठ्ठीवर 'मॅगसल्फ दिले' एवढेच लिहून चालत नाही. किती ग्रॅम, कुठे टोचले, किती वाजता, आणि देताना बीपी किती होते, हे लिहा. नाहीतर पुढच्या रुग्णालयातली सिस्टर पहिला डोस पुन्हा देऊन बसेल.