जुने सोन्याचे नाणे उजळून आणू नये : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकच्या सराफ बाजारातील आमच्या पेढीवर जुन्या सोन्याच्या नाण्यांची पाहणी आणि मूल्यांकन करून घेण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांना ज्या गोष्टी आम्ही आजवर तोंडी सांगत आलो, त्या छापून द्याव्यात असे ठरवण्यामागे एकच कारण आहे. दिवाळी आटोपली की, आणि पुन्हा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, गिन्न्या, मोहरा आणि पुतळ्या घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि त्यांतील बरीच नाणी आमच्याकडे येण्याच्या आदल्याच दिवशी कुठल्यातरी कारागिराकडून उजळून घेतलेली असतात. नाणे झळाळत असते, ग्राहक ते समाधानाने गादीवर ठेवतात, आणि आम्हाला मात्र त्याची किंमत कमी सांगावी लागते. पुढचा अर्धा तास ती कमी का, हे समजावण्यात जातो. त्यात दोघांचाही वेळ मोडतो आणि गेलेली किंमत काही परत येत नाही.

जुन्या नाण्याला दोन भाव असतात. एक मोडीचा, म्हणजे त्यात जितके शुद्ध सोने आहे तितक्याचा. दुसरा संग्राहकाचा, म्हणजे ते विशिष्ट नाणे त्याच्या आजच्या अवस्थेत हवे असलेला माणूस जो देईल तो. मोडीचा भाव कोणालाही काढता येतो. आपण ज्याला गिन्नी म्हणतो ते ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅम वजनाचे, २२ कॅरटचे असते आणि त्यात ७.३२२ ग्रॅम शुद्ध सोने भरते. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर तिचा मोडीचा भाव ७३,२२० रुपये होतो, आणि यापेक्षा बरेच खाली कोणी मागत असेल तर तेथे देऊ नये, मग तो खरेदीदार आम्ही का असेना. मोहरेच्या बाबतीत मात्र घरोघरी एक चूक होते. १८३५ सालची, चौथ्या विल्यमचा मुखवटा आणि मागे सिंह व ताडाचे झाड असलेली कंपनी सरकारची मोहर ‘एक तोळ्याची’ असते हे खरे, पण तो तोळा जुना, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आजच्या बाजारातला दहा ग्रॅमचा तोळा धरून कोणी तिचा हिशेब केला, तर दीड ग्रॅमहून अधिक सोने कागदावरच नाहीसे होते.

संग्राहकाचा भाव अवस्थेवर ठरतो, आणि उजळल्यामुळे नेमकी अवस्थाच बदलते. टांकसाळीत ठसा पडताना धातू दाबाखाली सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या पृष्ठभागावर कायम राहतात. नाणे एका दिव्याखाली हळूहळू कलते केले की या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे त्यावरून गोल फिरताना दिसतात. बफ मारलेल्या, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवलेल्या, नाण्यावर हे पट्टे फिरत नाहीत. सगळा पृष्ठभाग एकाच वेळी चमकतो, दहापट भिंगाखाली एकाच दिशेने ओढलेल्या केसासारख्या रेघा दिसतात आणि अक्षरांच्या कडा, ज्या मुळात धारदार असतात, त्या गोलसर झालेल्या असतात. वजनात फरक पडतो तो काही मिलिग्रॅमचाच, त्यामुळे मोडीचा भाव जवळपास तसाच राहतो. म्हणूनच ‘सोने तर कमी झाले नाही ना’ हा ग्राहकांचा प्रश्न बरोबर असूनही त्याचे उत्तर त्यांच्या उपयोगाचे नसते. नाण्यांना १ ते ७० अशी श्रेणी देऊन ती सीलबंद करणाऱ्या एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकन संस्थादेखील अयोग्य रीतीने साफ केलेल्या नाण्याला अंकांची श्रेणी देत नाहीत. नाणे अस्सल आहे आणि ते साफ केले गेले आहे, अशी नोंद त्यावर करतात, आणि ती नोंद पुढे प्रत्येक विक्रीत नाण्याबरोबर राहते.

हा तोटा किती बारीक जागी होतो, ते १९१८ सालच्या गिन्नीवरून दाखवता येईल. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत पाचव्या जॉर्जचे सॉव्हरिन पाडले गेले, तेही फक्त त्या एका वर्षाच्या सालाचे. त्यांची संख्या सुमारे १३ लाख होती. त्याच सालची, त्याच वजनाची आणि त्याच कसाची पंधरा रुपयांची सोन्याची नाणीही तेथे पाडली गेली, कारण तेव्हा कायद्याने एक सॉव्हरिन पंधरा रुपयांच्या बरोबरीचे मानले जाई. मुंबईच्या सॉव्हरिनची खूण म्हणजे मागच्या बाजूस, घोडेस्वार संत जॉर्ज आणि ड्रॅगन यांच्या खालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या बरोबर वर असलेले इंग्रजी ‘आय’ हे अक्षर. ते इतके लहान आहे की चाळिशी लागलेल्या माणसाला भिंगाशिवाय दिसत नाही. सिडनीसाठी ‘एस’, मेलबर्नसाठी ‘एम’, पर्थसाठी ‘पी’ आणि कॅनडातील ओटावासाठी ‘सी’ ही अक्षरे याच जागी येतात. लंडनच्या टांकसाळीने १९१८ साली सॉव्हरिन पाडलेच नाहीत, त्यामुळे त्या सालच्या नाण्यावर कोणतेच अक्षर दिसत नसेल, तर जाणकार खरेदीदार दोनच शक्यता धरतो : नाणे बनावट आहे किंवा अक्षर घासून गेले आहे. उजळणाऱ्या कारागिराचा यात दोष नाही. त्याला दागिना उजळायचे शिक्षण मिळालेले असते आणि त्याने आपले काम चोख केलेले असते.

रिठ्याचे पाणी, चिंच, दात घासण्याची पावडर, मऊ ब्रश आणि मलमलीचे फडके यांबद्दलही आम्हाला विचारले जाते. या सर्वांना आमचे उत्तर नको असेच आहे. रिठा आणि चिंच दागिन्याला चालतात, पण त्यांच्याबरोबर जे घासणे येते ते नाण्याला चालत नाही. वर्षानुवर्षे लक्ष्मीपूजनात ठेवलेल्या नाण्यावर अक्षरांच्या खाचांतून हळदकुंकू साचलेले असते आणि ते तसेच घेऊन येण्याचा ग्राहकांना संकोच वाटतो. तो कृपया बाळगू नये. ते कुंकू आमच्याकडे, न घासता, आपल्या समोर काढून दिले जाते आणि त्याचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.

कडी लावलेल्या नाण्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. आपल्याकडे गिन्नीची माळ आणि पुतळ्यांचा हार करण्याची रीत जुनी, त्यामुळे घरातील पुष्कळ नाण्यांच्या काठाला डाख लावून कडी बसवलेली असते. पुतळी म्हणून जी नाणी हारात असतात त्यांतील बहुसंख्य सोनाराने घडवलेली पातळ पदके असतात, पण मधूनच एखादे अस्सल व्हेनिसचे डुकाट निघते. सुमारे साडेतीन ग्रॅमच्या आणि जवळजवळ शुद्ध सोन्याच्या या नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख असतो. कडी लागल्याने नाण्याची संग्राह्य किंमत बरीच उतरते हे खरे आहे. परंतु कडी कापून आणि ती जागा कानशीने साफ करून आणलेल्या नाण्याची ती आणखी उतरते, कारण मग काठही गेलेला असतो. हार आहे तसा आणावा.

याउलट, काही खुणा ग्राहकांना दोष वाटतात आणि त्या नाण्याच्या मोलात भर घालतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, ज्यात क्षत्रप नहपानाच्या हजारो नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला होता. कोणी त्या दुहेरी ठशांना खराबी समजून ती नाणी घासून काढली असती, तर सातवाहनांच्या विजयाचा एक मोठा पुरावा गेला असता. जुन्या, न घासलेल्या नाण्याचा पृष्ठभाग कसा दिसतो याची डोळ्यांना सवय करायची असेल, तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे असलेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय अवश्य पाहावे. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना आम्ही तेथे आवर्जून पाठवतो, आणि नाशिककरांनी ते पाहिलेले नसते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

आमच्या पद्धतीबद्दल काही तक्रारी वारंवार येतात, त्यांचा खुलासा येथेच करतो. आम्ही मोबाईलवर पाठवलेल्या छायाचित्रावरून किंमत सांगत नाही, कारण बफच्या रेघा, काठाची अवस्था आणि वजन यांपैकी काहीही छायाचित्रात खात्रीने कळत नाही. आम्ही नाणे कसोटीच्या दगडावर ओढत नाही. दागिन्यासाठी ती उत्तम परीक्षा आहे, पण नाण्याच्या काठावर तिची रेघ कायमची राहते. एक्स-रे यंत्राने कस पाहता येतो, मात्र ते यंत्र फक्त वरच्या पातळ थराची माहिती देते, म्हणून आम्ही त्याला वजन, व्यास, जाडी आणि पाण्यातील वजनावरून काढलेली घनता यांची जोड देतो. ‘हॉलमार्क करून द्या’ अशीही मागणी होते. हॉलमार्क दागिन्यासाठी आहे आणि जुन्या नाण्यावर नवी खूण उठवणे म्हणजे ते आपल्या हाताने खराब करणे होय. या सर्व पाहणीला दोन दिवस लागतात आणि नाण्यामागे ५०० रुपये आकार आहे. नाणे आम्हीच विकत घेतले, तर हा आकार किमतीत परत दिला जातो. फुकट पाहून देणारे बाजारात आहेत, हे आम्ही जाणतो. लेखी अहवालाखाली सही करणारे कमी आहेत, इतकेच आम्ही नम्रपणे नमूद करतो.

कस बरोबर आला म्हणजे नाणे अस्सल ठरले, असेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास बैरूतमध्ये पुऱ्या सोन्याची बनावट सॉव्हरिन मोठ्या प्रमाणावर तयार झाली, आणि आपल्याकडेही राजाच्या मुखवट्याची गिन्नी अनेक सराफांनी भेटवस्तू म्हणून घडवली. अशा नाण्याला मोडीचा भाव मिळतो, त्याहून अधिक नाही. शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांचे सोन्याचे नाणे, याबद्दल तर विशेष सावधगिरी हवी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे नाणे इतके दुर्मीळ आणि इतके प्रिय आहे की त्याच्या प्रतिकृती जत्रेतही मिळतात. होन म्हणून काहीही विकत घेण्याआधी ते कोणाला तरी दाखवावे, आम्हालाच असे नाही.

गुंतवणूक म्हणून नाणी घेऊ इच्छिणाऱ्यांना आम्ही प्रथम विचारतो की त्यांना सोने हवे आहे की नाणे. फक्त सोने हवे असेल, तर नवे प्रमाणित नाणे घ्यावे. दुर्मीळतेसाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. दुर्मीळ नाणे विकायला योग्य गिऱ्हाईक भेटेपर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात, आणि अडीअडचणीला घाईने विकले तर ते मोडीच्या भावाजवळच जाते. जुने साल म्हणजे दुर्मीळ नाणे, हा समजही सोडावा. १९१७ साली लंडनमध्ये दहा लाखांवर सॉव्हरिन पाडली गेली, पण त्यांतील बहुतेक पुढे वितळवली गेल्याचे मानले जाते, म्हणून ते साल आज अतिशय महाग आहे. उलट, त्याहून जुन्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कित्येक सालांची नाणी मोडीच्या भावापेक्षा थोड्याच अधिक किमतीला मिळतात. नवख्या संग्राहकाने एकाच मालिकेपासून, म्हणजे उदाहरणार्थ पाचव्या जॉर्जच्या वेगवेगळ्या टांकसाळींच्या सॉव्हरिनपासून, सुरुवात करावी असे आम्ही सुचवतो. अशी नाणी आमच्याकडे लेखी हमीसह असतात.

कायद्याच्या तीन गोष्टी थोडक्यात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे ते परदेशात राहणाऱ्या मुलांकडे परस्पर पाठवता येत नाही आणि विक्रेत्याकडे परवाना असावा लागतो; आमचा परवाना दुकानात लावलेला आहे. जमिनीत किंवा जुन्या वाड्याच्या पायात सापडलेला ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो आणि असे नाणे आम्ही हातातही घेत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेले नाणे विकल्यास सध्या नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. १ एप्रिल २००१ पूर्वीपासून घरात असलेल्या नाण्यासाठी त्या तारखेची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते, याची आठवण आपल्या कर सल्लागाराला करून द्यावी.

पाहणीसाठी येताना प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात, काठाला धरून ठेवून आणावे. एकाच डबीत खुळखुळत आणलेली नाणी एकमेकांवर ओरखडे पाडतात, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतील द्रव्य कालांतराने नाण्यावर चिकट थर धरते. जुनी पावती, आजोबांच्या हातची चिठ्ठी किंवा नाणे ज्यात ठेवले होते ती डबी असल्यास तीही आणावी. जुन्या नाण्यांची पाहणी सोमवार ते शुक्रवार दुपारी ३ ते ६ या वेळेत होते. लग्नसराईत आणि धनत्रयोदशीच्या आठवड्यात ती बंद असते, कारण त्या दिवसांत दिव्याखाली शांतपणे नाणे फिरवून पाहायला दुकानात जागाच उरत नाही.