पेंडीतनं दुधात: अफ्लाटॉक्सिन आलं कुठनं

दुधातली भेसळ म्हटलं की लोकांना लगेच युरिया नाहीतर डिटर्जंट आठवतो. इस्लामपूर-तासगाव पट्ट्यात सकाळी कुठल्याही डेअरीवर उभं राहून बघा, सॅम्पल मशीनला लागतं, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) येतो, स्लिप निघते आणि त्यावर दर ठरतो. पैसे ह्याच आकड्यांवर, मग भेसळ पण ह्याच आकड्यांसाठी, पाणी घातलं की एसएनएफ पडतो म्हणून वर युरिया नाहीतर साखर. १९५४ च्या भेसळ कायद्यानंतर बरीच वर्षं आपली धावपळ असलंच पकडण्यात गेली.

खरी गोष्ट मात्र पेंडीत होती. १९६० ला इंग्लंडमधे लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, शोधाशोध केल्यावर ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड सापडली आणि त्यावरच्या बुरशीचं विष, तेच अफ्लाटॉक्सिन. पुढं कळलं की जनावरानं असली पेंड खाल्ली की त्यातला अफ्लाटॉक्सिनचा बी१ हा प्रकार लिव्हरमधे बदलून एम१ होतो आणि दिवसभरात दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. सांगायचं म्हणजे आपली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका, सगळ्यालाच ही बुरशी लागते. पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात पोतं ओलं झालं, पेंडीचे गठ्ठे धरले, वर हिरवट बुरशी आली, तरी "म्हशीला काय होतंय" म्हणून ती घमेल्यात जातेच. मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा) नीट दाबला नाही तर तिथंही बुरशी येतेच.

२०१८ च्या एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) देशभरच्या सर्व्हेत ६,४३२ नमुने तपासले. असुरक्षित भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेच्या वर ३६८ मधे! ते पण कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त, म्हणजे पिशवीचं दूध म्हणून बिनधास्त राहायला नको. आपली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपची ०.०५, दहापट कडक.

त्याच सर्व्हेत ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक पण मर्यादेच्या वर होतं. त्याचं कारण साधं, दगडी (कासेची सूज) झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात आणि औषधाचा अंश दुधातनं जाईपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नसतं, पण घरात एकच गाय असली तर तेवढ्या दिवसांचा दुधाचा पगार बुडतो, त्याची भरपाई कोण देणार, आणि फॅटच्या मशीनला तर त्यातलं काहीच कळत नाही.