कांदा थोडासाच जास्त आला, मग भाव एवढा का पडला?

लासलगावला सकाळी लिलाव बघायला उभं राहा एकदा. ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतोय, कोणीतरी दोन कांदे उचलून दाबून बघतो, चार आकडे ओरडले जातात आणि झालं, तुमच्या चार-पाच महिन्यांच्या कष्टाचा क्विंटलचा भाव ठरला.

आता गंमत बघा, आवक थोडीशीच वाढते पण भाव धाडकन आपटतो. कारण आपल्याच किचनमध्ये आहे. कांदा १५ रुपये किलो झाला म्हणून तुम्ही भाजीत दुप्पट घालता का? आणि ८० झाला तरी फोडणीला लागतोच, फार तर भजीचा बेत पुढच्या रविवारी. म्हणजे खाणारा जागचा हलतच नाही, मग जादाचा माल खपवायला भावालाच लांब उडी मारावी लागते, तुटवड्यात वर आणि सुकाळात खाली. ही अलवचिक मागणी. इंग्लंडमध्ये १६९९ सालच्या चार्ल्स डेव्हनंट या अर्थअभ्यासकाच्या पुस्तकात धान्याचा असाच हिशोब आहे, पीक एक दशांश घटलं तर भाव तीन दशांश चढतो, तीन दशांश घटलं तर सोळा दशांश!

बरं, शेतकऱ्याने माल थांबवावा म्हणाल तर हिवाळ्यात निघणारा लाल कांदा टिकतच नाही, निघाला की विकायचा. मार्च-एप्रिलचा उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, दिवाळीपर्यंत राहतो, पण तिथेही तो सुकतो, सडतो, कोंब फुटतात, वजन रोज घटतं. चाळ भरणं म्हणजे सरळ जुगार आहे हो.

आणि यंदा भाव बरा मिळाला की पुढच्या सीझनला जो तो कांदाच लावतो, रोपं मिळेनाशी होतात, मग सगळ्यांचा माल एकदमच मार्केटात, भाव मातीत, की पुढच्या वर्षी लागवड कमी आणि परत तेजी. ग्राफ काढला तर रेषा कोळ्याच्या जाळ्यासारखी फिरते, म्हणून अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोरने १९३४ मध्ये तिला नावही तेच दिलं, कॉबवेब.

यात सरकारचा हात वेगळाच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, शेतात कांदा तेवढाच होता पण बाहेरचं गिऱ्हाईक एका रात्रीत गायब, आणि भाव लगेच गडगडला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क होतंच.