स्थानबद्धता (पुणे)

घडलेल्या गुन्ह्याबद्दल नव्हे, तर पुढे काही घडू नये म्हणून खटल्याविना एखाद्याला अटकेत ठेवणे, म्हणजे प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. राज्याची सुरक्षा आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा झगडा इथे सर्वांत उघडा पडतो, कारण पुराव्याऐवजी अधिकाऱ्याची ‘खात्री’ पुरते. संविधानाने मूलभूत हक्कांच्याच भागात, अनुच्छेद २२ मध्ये, तिला जागा दिली आहे.

पुण्यातील सर्वांत बोलके जुने उदाहरण नातू बंधूंचे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चाफेकर सापडायला अजून अवकाश होता, तोच जुलैअखेर सरकारने सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांना उचलले. आधार काय, तर कंपनीच्या अमदानीतले १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. त्याच सुमारास पकडलेल्या टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला तरी चालला; त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि ते सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले. नातूंची सुटका मात्र १८९९ मध्ये झाली. शिक्षा झालेला आधी घरी आणि आरोपच नसलेले नंतर, हा उफराटा हिशेब पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

१९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये ठेवलेले गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्यावरही खटला नव्हता. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच वारले.

आणीबाणीत (१९७५–७७) ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली येरवडा कारागृह राजकीय कैद्यांनी भरले. सरसंघचालक बाळासाहेब देवरस तिथेच होते. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले. बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड हे पुण्याचेच, आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्दबातल ठरवला. त्यात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

आज पुण्यात हा शब्द कानावर येतो तो बहुधा ‘एमपीडीए’च्या बातमीत: अमुक सराईत एका वर्षासाठी स्थानबद्ध. १९८१ चा हा राज्य कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठी केलेला. पोलीस ठाणे प्रस्ताव पाठवते आणि आदेश पोलीस आयुक्त काढतात. प्रस्तावात अनेकदा दोन गोपनीय साक्षीदारांचे ‘इन कॅमेरा’ जबाब असतात. नावे झाकलेली, ‘अ’ आणि ‘ब’ एवढीच ओळख. दहशतीमुळे कोणी उघड बोलत नाही, हे पोलिसांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्याला आत टाकायचे, त्याला आपल्याविरुद्ध कोण बोलले हे कळत नाही आणि उलटतपासणीही नाही. बदल्यात कायदा मुदती घालतो. कारणे पाच दिवसांत द्यायची, शासनाची मंजुरी बारा दिवसांत घ्यायची, तीन आठवड्यांत प्रकरण स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का ते पाहणाऱ्या सल्लागार मंडळापुढे ठेवायचे. मंडळापुढे स्थानबद्धाला वकील मिळण्याचा हक्क नसतो. उच्च न्यायालयात असे आदेश टिकत नाहीत, ते पुष्कळदा कागदांवरून: स्थानबद्धाने सुटकेसाठी केलेल्या निवेदनावर निर्णयाला उशीर झाला, किंवा त्याला समजेल अशा भाषेत कागद दिले नाहीत. यातल्या त्रुटींना ‘तांत्रिक’ म्हणून नाक मुरडले जाते. खटलाच नसेल तिथे तारखा आणि कागद एवढेच संरक्षण उरते, हे त्यात विसरले जाते.

‘यूएपीए’ या दहशतवादविरोधी कायद्याखालची अटक ही तांत्रिकदृष्ट्या स्थानबद्धता नव्हे. त्यात आरोप असतो, खटला असतो. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये आलेल्या कलम ४३ ड (५) मुळे मात्र जामीन फार अवघड झाला. त्याच्या निकडीचा दाखलाही पुण्यातच आहे: फेब्रुवारी २०१० मध्ये कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीतील स्फोटात १७ जण मेले. आणि पुण्यात २०१८ मध्ये नोंदवलेल्या एल्गार परिषद प्रकरणात आरोपींनी खटला उभा राहण्याआधी तुरुंगात वर्षे काढली. त्यांतले एक, स्टॅन स्वामी, जुलै २०२१ मध्ये कोठडीतच वारले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत एक कलम होते: सल्लागार मंडळाच्या मताविना स्थानबद्धता तीन महिन्यांऐवजी दोनच महिने आणि मंडळाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती. संसदेने ते मंजूर केले. ते लागू करण्याची अधिसूचना मात्र एकाही केंद्र सरकारने काढलेली नाही.